देवयानीचा रंग: आधी वजाबाकी, मग गुणाकार

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोरेगाव तालुक्यातल्या घराच्या गच्चीवरून तुम्ही देवयानी दीर्घिकेचे, म्हणजे एम ३१ चे, एकेक मिनिटाचे ९० फोटो घेतलेत. कॅमेरा कॅननचा १५००डी, आतला फिल्टर तसाच ठेवलेला. ५५-२५० ची झूम लेन्स २०० मिमीवर, आयएसओ ८००, खाली आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून त्यांची सरासरी काढल्यावर, चित्र हिरवट-पिवळं आलं. 'रिमूव्ह ग्रीन नॉइज' दाबलंत तर जांभळट झालं. गिंप या फोटो एडिटरमध्ये ऑटो लेव्हल्स दिल्यावर आकाश राखाडी झालं, पण दीर्घिकाही राखाडीच झाली. फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन करायला गेलात, तर तारे ओळखण्याच्या पायरीवरच, प्लेट सॉल्व्हिंगला, गाडी अडली. फ्लॅट, म्हणजे लेन्सच्या कडेचा अंधार मोजायला काढतात ते एकसारख्या उजेडाचे फोटो, काढलेले नाहीत. आणि आता तुम्ही विचारताय की खरा रंग देणारं सॉफ्टवेअर कोणतं, पैसे भरून पिक्सइनसाइट घ्यावं का.

घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. तुमच्याकडे फुकट मिळालेलं सिरिल या कामाला पुरेसं आहे. तुमच्या फोटोत रंगाचे दोन वेगवेगळे दोष एकात एक मिसळले आहेत. एक दोष वजा करूनच जातो आणि दुसरा गुणूनच जातो. तुम्ही वजा करायच्या जागी गुणताय, म्हणून कुठलाही स्लायडर कितीही सरकवला तरी एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते. हे महागड्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच होणार.

मी साताऱ्यात बावीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला आणि गेली बारा वर्षं आकाशाचे फोटो काढतोय. रंगाचं जे काही कळतं ते आधी लग्नांतून शिकलो. हळदीच्या कार्यक्रमात नवरीचा चेहरा पिवळा, साडी पिवळी, मागे झेंडूच्या माळा. अशा वेळी कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स घात करतो. सगळ्या चित्राची सरासरी राखाडी यायला हवी असं तो धरून चालतो, त्यामुळे पिवळं खेचून काढतो, आणि हळद लागलेली पोर आजारी असल्यासारखी निळसर दिसायला लागते. आमचा उपाय ठरलेला होता. फोटोत कुणा आजोबांची पांढरी टोपी शोधायची. टोपी पांढरी आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. ती पांढरी दिसेल इतके रंग हलवले की हळद आपोआप हळदीसारखी दिसते. तुमच्या ऑटो लेव्हल्सने तिन्ही रंग स्वतंत्रपणे ताणून एकसारखे करून टाकले. पद्धत थोडी वेगळी, पण देवयानीचं झालं ते त्या नवरीसारखंच.

आकाशात टोपीचं काम तारे करतात. त्यांचे रंग कुणाच्या डोळ्यांवर किंवा आवडीवर अवलंबून नाहीत, ते मोजलेले आहेत. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया यानाची तिसरी मोठी यादी जून २०२२ मध्ये आली, तिच्यात सुमारे २२ कोटी ताऱ्यांचे ढोबळ वर्णपटसुद्धा आहेत. फोटोमेट्रिक कॅलिब्रेशन एवढंच करतं: तुमच्या फोटोतले तारे ओळखतं, यादीतला त्यांचा रंग पाहतं, तुमच्या फोटोतला रंग पाहतं, आणि लाल, हिरव्या, निळ्या चॅनलला कशाने गुणलं की दोन्ही जुळतील ते काढतं. शेवटी हातात येतात तीन आकडे.

पण हे तीन आकडे फक्त दुसरा दोष काढतात. पहिला दोष त्याच्या आधीच निघालेला असायला हवा.

पहिला दोष म्हणजे आकाशाचा उजेड. साताऱ्याचे दिवे, हायवे, गावातले नवे एलईडी खांब, कारखान्याचं आवार, चांदणं. हा उजेड हवेतल्या धुळीवरून परतून तुमच्या लेन्समध्ये येतो आणि दीर्घिकेच्या उजेडात मिळतो. दुधात पाणी घातल्यासारखी ही बेरीज आहे. त्यामुळे तो काढायचा तर वजाच करावा लागतो.

दुसरा दोष म्हणजे चाळण. हवा, लेन्स, फिल्टर आणि सेन्सर यांतून प्रत्येक रंगाचा काही हिस्साच पुढे जातो. कच्चा फोटो हिरवा का दिसतो याचं कारण 'चारपैकी दोन पिक्सेल हिरवे असतात' असं बरेच जण सांगतात. ते बरोबर नाही, कारण डिबेअर करताना, म्हणजे एकेकरंगी पिक्सेलांतून रंगीत चित्र बनवताना, त्या दोन हिरव्यांची बेरीज होत नाही. खरं कारण हे की हिरव्या फिल्टरमधून उजेड जास्त जातो आणि सेन्सरही तिथे जास्त तिखट असतो. हा सगळा गुणाकाराचा मामला आहे, आणि तो उलट्या गुणाकारानेच सुटतो.

आता आकड्यांत बघा. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या फाइलमधले नाहीत. समजा मोकळ्या आकाशाच्या जागी लाल १२००, हिरवा २०००, निळा ११०० भरतो. दीर्घिकेच्या गाभ्यापाशी लाल १५००, हिरवा २४८०, निळा १२९०. म्हणजे दीर्घिकेचा स्वतःचा उजेड फक्त ३००, ४८० आणि १९०. बाकी सगळं आकाश. या कॅमेऱ्याला लालसाठी २ आणि निळ्यासाठी १.५ हे योग्य गुणक असतील, तर गाभा येतो ६००, ४८०, २८५. लाल जास्त, निळा कमी, म्हणजे उबदार पिवळा. म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेला गाभा असाच दिसायला हवा.

आता तुम्ही केलंत तसं उलट करू. आधी आकाश राखाडी दिसावं म्हणून लालला १.६७ ने आणि निळ्याला १.८२ ने गुणलं. आकाश तिन्ही रंगांत २००० वर आलं आणि डोळ्यांना बरं वाटलं. पण आकाश वजा जाता गाभ्यात काय उरलं? ५००, ४८०, ३४५. लाल पडला, निळा चढला, पिवळेपणा अर्धा गेला. त्यातही आकाशाचे ते २००० अजून वर बसलेले आहेतच, म्हणून स्क्रीनवर सगळंच राखाडी. गावच्या दिव्यांचा रंग राखाडी करण्याच्या नादात दीर्घिकेला त्या दिव्यांचं माप लागलं. हे एकदा ध्यानात आलं की सॉफ्टवेअरमधलं प्रत्येक बटण दाबण्याआधी एकच विचारायचं: हे वजा करतंय की गुणतंय?

सिरिलच्या बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनमध्येही 'सबट्रॅक्ट' आणि 'डिव्हाइड' असे दोन पर्याय दिसतील. आकाशाच्या उजेडासाठी सबट्रॅक्ट. डिव्हाइड हा लेन्सच्या कडेला येणाऱ्या अंधारासाठी आहे, पण तो अंधार खरं तर फ्लॅटने आधीच काढलेला असावा. फ्लॅट नसतील तर कोपऱ्यात आकाशाचा उजेडही कमी भरतो आणि दीर्घिकेचाही, मग वजाबाकी कुठेच नीट बसत नाही: मध्ये लालसर ठिपका, कडेला हिरवट कडं. तुमच्या फोटोत तेच दिसतंय. पुढच्या वेळी पहाटे उजाडल्यावर लेन्सवर पांढरं स्वच्छ कापड दोन पदरी ताणून आकाशाकडे तोंड करा आणि पंचवीस-तीस फ्लॅट घ्या. फोकस, झूम आणि अॅपर्चर रात्री होतं तेच ठेवा. झूमच्या कड्याला रात्रीच चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर हमखास हलतं.

वजाबाकीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण चूक इथेच होते. सिरिल आकाशाचे नमुने म्हणून चित्रभर चौकोन टाकतं. त्यातले दीर्घिकेवर पडलेले सगळे चौकोन उजव्या क्लिकने काढून टाका. दीर्घिका तुम्हाला दिसते तिथेच संपत नाही. तिचा विस्तार आकाशात जवळजवळ तीन अंशांचा आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट लांब. अंधुक बाह्य भुजा स्क्रीनवर दिसत नाहीत, पण चौकोनात त्या मोजल्या जातात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत चाळकेवाडीच्या पठारावरून ४०० च्या लेन्सने मी देवयानी टिपली होती. त्या लेन्सला या सेन्सरवर जेमतेम सव्वातीन अंश रुंदी मिळते, म्हणजे दीर्घिकेनेच चौकट भरली. मी चौकोन आपोआप पडू दिले. सॉफ्टवेअरने बाहेरच्या भुजांचा निळा उजेड आकाश समजून वजा केला आणि गाभ्याभोवती तपकिरी कडं उरलं. तो डाग रंगाच्या स्लायडरने पुसायला मी तीन रात्री घालवल्या. जे वजा होऊन गेलं ते गुणून परत येत नाही.

तुमच्या २०० मिमीला साधारण ६.४ बाय ४.३ अंशांची चौकट मिळते, त्यामुळे कोपऱ्यांत खरं आकाश भरपूर आहे. चौकोन थोडे ठेवा, लांब ठेवा, आणि पॉलिनोमियलची डिग्री, म्हणजे वजा करायच्या उताराला किती वाकू द्यायचं तो आकडा, १ घ्या, फार तर २. डिग्री वाढवली की चित्र गुळगुळीत दिसतं खरं, पण ते दीर्घिका खाऊन.

आणखी एक गोष्ट तुमच्या गच्चीपुरती. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास देवयानी उत्तरेला सुमारे ६६ अंश उंच असते. त्यानंतर ती वायव्येला कलते, आणि कोरेगावहून सातारा शहर पश्चिमेला. म्हणजे रात्रभरात तुमच्या फोटोवर पडणाऱ्या उजेडाचा उतार फिरत जातो. ९० फोटोंची सरासरी काढल्यावर तो उतार वाकडातिकडा होतो. म्हणून स्टॅक करण्याआधी प्रत्येक फोटोवर डिग्री १ ची वजाबाकी चालवा, सिरिलमध्ये संपूर्ण सिक्वेन्सला एकदम देता येते. मग स्टॅक करून कडा कापा, आणि गरज असेल तरच पुन्हा हलकीशी वजाबाकी.

आता प्लेट सॉल्व्हिंग का अडलं? तुम्ही लिहिलंय की फोकल लेंग्थच्या रकान्यात ३२० भरलं, कारण क्रॉप सेन्सरचा १.६ चा गुणक. तो गुणक फोटोग्राफरच्या बोलण्यातला आहे, लेन्स २०० ची २०० च राहते. रकान्यात २०० लिहा, पिक्सेलचा आकार ३.७२ मायक्रॉन लिहा, वस्तूच्या नावात एम ३१ शोधून निवडा. त्यातून एका पिक्सेलला साधारण ३.८ विकलांचं (एका अंशात ३६०० विकला) माप येतं आणि ताऱ्यांचा नकाशा जुळतो. झूम लेन्सवरचा आकडा अगदी नेमका नसतो, त्यामुळे तरीही अडलं तर १९० आणि २१० देऊन बघा. इंटरनेट चालू ठेवा, यादी तिकडून येते.

हे झालं की फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन चालवा, आणि चित्र आणखी विचित्र दिसलं तर घाबरू नका. बहुतेक जण इथेच वैतागून सोडून देतात. सिरिलचा ऑटोस्ट्रेच, म्हणजे अंधुक उजेड ताणून उजळ दाखवणं, हे फक्त बघायचं भिंग आहे, त्याने फाइल बदलत नाही. त्याच्याजवळ साखळीचं चिन्ह असतं. साखळी सुटी असेल तर तिन्ही रंग स्वतंत्र ताणून दाखवले जातात, म्हणजे न सुधारलेलं चित्रही सुधारल्यासारखं दिसतं आणि सुधारलेलं बिघडल्यासारखं. कॅलिब्रेशनच्या आधी सुटी साखळी चालेल, नंतर मात्र साखळी जोडा आणि मगच मत बनवा. शिवाय लॅपटॉपचा रात्रीचा पिवळा मोड बंद आहे ना, तेही पाहा. अकरा वाजता फोटो बरोबर वाटतो आणि सकाळी निळा दिसतो, त्याला बहुतेक वेळा हेच कारण असतं.

इथपर्यंतचा क्रम एका दमात सांगायचा तर: फ्लॅट, प्रत्येक फोटोवर वजाबाकी, स्टॅक, कडा कापणे, प्लेट सॉल्व्ह, रंग, आणि मग स्ट्रेच. स्ट्रेच शेवटी, कारण एकदा चित्र ताणलं की आकड्यांचं प्रमाण मोडतं आणि गुणाकाराला अर्थ राहत नाही. गिंप त्यानंतरच उघडा.

रंग बरोबर आला का, हे दीर्घिकेकडे बघून ठरवू नका. इतरांचे फोटो पाहून आपल्या मनात दीर्घिकेचा एक रंग आधीच बसलेला असतो. ताऱ्यांकडे बघा. तुमच्या चौकटीत दोन चांगले साक्षीदार आहेत. दीर्घिकेपासून साधारण सव्वा अंश पूर्वेला न्यू अँड्रोमेडी आहे, हा बी वर्गाचा तप्त तारा, निळसर पांढरा दिसलाच पाहिजे. आणि दक्षिणेला पावणेदोन-दोन अंशांवर ३२ अँड्रोमेडी, हा जी वर्गाचा राक्षसी तारा, पिवळसर दिसला पाहिजे. दोघेही निळे असतील तर निळा गुणक जास्त, दोघेही पिवळे असतील तर कमी. मध्येच हिरवे किंवा जांभळे तारे दिसले तर काहीतरी चुकलंय, कारण ताऱ्याचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो आणि डोळ्याला त्यातून हिरवा तारा कधीच दिसत नाही. जांभळ्या कडा मात्र तुमच्या लेन्सच्याही असू शकतात. २०० वर लेन्स पूर्ण उघडी न ठेवता एफ ६.३ किंवा ७.१ वर आणा, कडा कमी होतील आणि कॅलिब्रेशनला ताऱ्यांचे आकडेही शुद्ध मिळतील.

'रिमूव्ह ग्रीन नॉइज' बद्दल माझं मत कडक आहे. ते बटण माप घेत नाही, जिथे हिरवा वर गेला तिथे सरसकट छाटतं. वजाबाकी आणि गुणाकार नीट झाला असेल तर देवयानीत त्याची गरज क्वचितच पडते, आणि पडली तर अगदी शेवटी, हलक्या हाताने. आकाशात खरा हिरवा रंगही असतो. २०२३ च्या जानेवारीत झेडटीएफ नावाचा धूमकेतू आला होता, त्याचा हिरवा रंग कार्बनच्या जोड-रेणूंचा. सवयीने मी ते बटण दाबलं आणि धूमकेतू राखेच्या रंगाचा झाला. मृगातल्या तेजोमेघाच्या गाभ्यातही ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा असते, ती निळ्या-हिरव्याच्या सीमेवर येते. तिथेही हे बटण खरा रंग मारतं.

आता रंग आणखी कशाकशावर अवलंबून आहे ते. तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचा फिल्टर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल उजेडाचा जेमतेम चौथा हिस्सा आत सोडतो. कॅलिब्रेशन ताऱ्यांवरून होतं आणि ताऱ्यांच्या उजेडात त्या एका रेषेला फारसं वजन नाही. त्यामुळे तारे अचूक आले तरी देवयानीच्या भुजांमधले गुलाबी ठिपके फिकेच राहतील. ती चूक समजून लाल वाढवू नका, ताऱ्यांचा खरा रंग त्यात जाईल. पांढरं कशाला म्हणायचं, यातही दोन मतं आहेत. सूर्यासारखा जी २ वर्गाचा तारा पांढरा धरा, किंवा सर्पिल दीर्घिकेचा सरासरी उजेड. सिरिलच्या नव्या आवृत्तीतल्या वर्णपटावरच्या कॅलिब्रेशनमध्ये हे निवडता येतं, सेन्सरही निवडता येतो. मी सर्पिल दीर्घिका निवडतो, कारण तिच्यात म्हातारे-तरुण सगळे तारे येतात. तुम्ही दुसरं निवडलंत तर तेही बरोबर, फक्त एकदा ठरवलं की सगळ्या फोटोंना तेच ठेवा.

हवेचं मात्र आपल्या हातात नाही. वस्तू ३० अंशांवर आली की उजेडाला डोक्यावरच्या हवेच्या दुप्पट हवेतून यावं लागतं, आणि त्यात निळा सगळ्यात जास्त विखुरतो. आपल्याकडे गळीत हंगामात पाचट पेटवलं की संध्याकाळी धूर खाली बसतो आणि ताऱ्यांना तांबूस झाक येते. कॅलिब्रेशन गुणून ते जुळवून देतं, पण जो निळा उजेड आलाच नाही त्याच्या जागी गुणलेला आवाज, म्हणजे दाणे, दिसतात. अशा रात्रीचे फोटो मी चांगल्या रात्रीच्या फोटोंत मिसळत नाही. जुने लाइट पोल्यूशन फिल्टरही मी आता लावत नाही. ते पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड अडवायला बनवले होते. एलईडीचा उजेड सगळीकडे पसरलेला असतो, त्याला ते अडवू शकत नाहीत, उलट ताऱ्यांमधला पिवळा तेवढा कापून कॅलिब्रेशनला अवघड करतात.

तुमच्या ९० फोटोंना फ्लॅट आता मिळणार नाहीत, लेन्स हलली असणार. तरी ते टाकून देऊ नका. प्रत्येक फोटोवर डिग्री १ वजा करा, स्टॅक करा, मग ग्रॅएक्सपर्ट या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून एकदा पार्श्वभूमी काढून बघा, आणि चारही बाजूंनी थोडं जास्त कापा. गाभा पिवळसर आणि नैऋत्येच्या भुजेतला एनजीसी २०६ हा तारकापुंज निळसर आला, तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात.

आणि पुढच्या अमावास्येला एक काम वाढवा. एका मिनिटात न्यू अँड्रोमेडीसारखा चौथ्या-पाचव्या प्रतीचा तारा पूर्ण जळतो, त्याचा गाभा पांढराफटक होतो आणि रंग फक्त कडेला उरतो. म्हणून शेवटी पाच-पाच सेकंदांचे वीस फोटो वेगळे घ्या. साक्षीदार ताऱ्यांचे रंग त्या स्टॅकमध्ये तपासा. दोन्ही स्टॅक झाले की न ताणलेल्या फिट्स फाइल (खगोल-फोटोंचा मूळ फॉरमॅट) पाठवा, आकाशाचे चौकोन कुठे ठेवायचे ते मी खुणा करून देतो.